दर सोमवारचं ताजं पाणी

भाचीनं पत्रासोबत पाठवलेला, उभा चिरलेला पाइपाचा तुकडा, आतून खडबडीत पांढरा, पेन्सिलही अडकेल इतकीच वाट उरलेली... त्या पत्रावरच त्यानं तो ठेवला होता. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून — असं तो स्वतःला सांगत होता. खरं तर तुकड्याखाली एक ओळ झाकली जात होती.

ओळ त्याला पाठ होती. ‘बाबांची शिस्त मी मोडलेली नाही, मामा. दर सोमवारी टाकीतलं सगळं पाणी काढून बोअरचं ताजं भरते. तरी पाइप का तुंबतात?’ पुढे तिनं लिहिलं होतं की पाणी गार करणारा नवा चिलर येतोय, कर्ज काढून घेतलाय, तोही असाच तुंबला तर कारखान्याला कुलूपच लागेल. आणि तू फोनवर नुसतं ‘हं, हं’ करतोस म्हणून पत्र.

उत्तर गेलं नव्हतं. आयुष्य पाणी तपासण्यात गेलेल्या माणसाला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. चिलरमधून कारखान्यातल्या तापलेल्या साच्यांकडे आणि साच्यांकडून परत चिलरमध्ये, तेच ते पाणी फिरत राहतं. जवळचा चुना ते एकदाच टाकतं आणि मग निवांत होतं. ताजं पाणी मात्र दर सोमवारी नवा चुना घेऊन येतं... म्हणजे ती जे जिवापाड सांभाळते आहे, त्यानंच पाइप तुंबतात. हे मी तिला कसं लिहू? बापामागे तिच्याकडे कारखाना आणि सोमवार, एवढंच तर उरलं आहे.

दाजी डोळ्यांपुढे आले, बाह्या दुमडलेले, टाकीचा खालचा व्हॉल्व्ह फिरवणारे. शिळं पाणी माणसाला चालत नाही, यंत्राला का चालावं, असं म्हणून हसणारे. पण तेव्हा कारखान्याला नदीचं पाणी होतं, मऊ, फारसा चुना नसलेलं. बोअर पुढे आला. हा धागा सापडला तेव्हा त्याला हायसं वाटलं — शिस्त चुकली नाही, पाणी बदललं! — आणि लगेच हायसं वाटल्याचीच शंका आली. हे रसायनशास्त्र, की माया?

त्यानं लिंबू चिरून तुकड्यावर पिळलं. पांढऱ्यावर बारीक फेस आला. चुनाच, तो काय आज कळत होता? मग चाकूच्या टोकानं खरवडत गेला, आणि पांढऱ्याच्या तळाशी, लोखंडाला चिकटून, गंजाची तांबडी रेघ निघाली. पातळ. जुनी. ताजं पाणी गंज चढवणारी हवाही घेऊन येतं, मऊ असलं तरी... म्हणजे दाजींच्या सोमवारांनीही आपलं काही मागे ठेवलं होतं.

दारात बायको उभी होती. लिंबाकडे, पाइपाकडे, नवऱ्याकडे तिनं क्रमानं पाहिलं.

“अहो, सरबत करताय की पोरीला उत्तर लिहिताय?”

“तिला वाईट वाटेल.”

“वाटू दे. नवं यंत्र तुंबल्यावर वाटण्यापेक्षा आत्ता वाटलेलं बरं.”

तो लिहायला बसला. मऊ केलेलं पाणी एकदाच भर, गंजरोधक घाल, मग बदलू नकोस. वरचेवर तपासून घे. नवे पाइप आधी चिलरला वगळून धुऊन काढ, नाहीतर वेल्डिंगचा कचरा थेट त्याच्या पोटात जाईल. कचरा अडवणारी जाळी चिलरमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाला लाव. इथवर हात सराईतासारखा चालला. मग थांबला. तांबडी रेघ वगळता आली असती. दाजींना कोण विचारायला येणार होतं? पण मग सगळा थर तिच्या एकटीच्या नावावर राहिला असता. त्यानं लिहिलं: ‘पांढरा थर तुझ्या सोमवारांचा आहे, पोरी, आणि त्याखालचा तांबडा तुझ्या बाबांच्या सोमवारांचा. तुम्ही दोघांनीही यंत्राची काळजीच घेतलीत.’

शेवटचं वाक्य खरं की गोड, हे कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालताना ठरेना. पाकीट आत पडलं. आवाज अगदीच किरकोळ झाला. आता सोमवारी ती त्या व्हॉल्व्हपाशी उभी राहील, हात सवयीनं पुढे जाईल... फिरवील? की तसाच मागे घेईल? त्याला दिसेना. पेटीच्या थंड पत्र्यावर तळवा टेकून तो उभा राहिला, आणि ते शेवटचं वाक्य खरं की गोड, हे पुन्हा तपासावंसं वाटलं नाही, याचं त्याला थोडं नवल वाटत राहिलं.