मागचं डावं चाक

रविवारी मनीष गाडी न्यायला येणार हे नक्की झालं, तेव्हा जागृतीने तिची चाकं पहिल्यांदा नीट निरखून पाहिली.

पालघरच्या कोर्टात दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला होता. भांडायची हौस दोघांचीही आधीच फिटली होती. मनीष मूळचा जळगावकडचा, वीज प्रकल्पात नोकरीला आणि तिथल्याच वसाहतीत राहणारा. जागृती किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मच्छीमाराची मुलगी, बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. आता ती माहेरीच राहत होती. गाडी मनीषच्या नावावर असली, तरी शिफ्टला जायला सोपं पडावं म्हणून इतके दिवस तिच्याकडे होती.

डावीकडच्या दोन्ही अलॉय चाकांच्या कडा खरवडल्या होत्या. पुढचं चाक तिने स्वतः घासलं होतं, पालघरला फुटपाथला लागून गाडी लावताना. मागचं मनीषचं. उमरोळीच्या एका लग्नाहून परतताना ती ओरडली होती, "डावीकडे दगड आहे." त्याने तरीही गाडी तशीच दामटली. चाक दगडावर खरवडत गेलं.

शोरूममध्ये म्हणाले, चाकं नवीच टाका. नवापूर नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "मशीन पे चढाना पडेगा मॅडम, टाइम लगेगा." दोन्ही तिला परवडण्यातलं नव्हतं. तशीच द्यावी, तर मनीषला बोलायला जागा राहिली असती, आणि तेवढी जागा तिला ठेवायची नव्हती. शेवटी बोईसरच्या रंगाच्या दुकानातून तिने पॉलिश पेपर, खड्डे बुजवायची लांबी, प्रायमर, चंदेरी स्प्रे आणि वरून मारायचं लॅकर असं सगळं घेतलं. सुटी टाकली आणि सकाळीच अंगणात जॅक लावला.

तिचे वडील कमलाकांत ओट्यावर बसून पाहत होते. होडी विकल्यापासून त्यांना सकाळ खायला उठायची.

"दोनी चाकं कशाला?" ते म्हणाले. "तुझं तू कर. त्याचं त्याला टेव."

"एक चकचकीत आणि एक फाटकं, असं कसं द्यायचं?"

ते उठले, आतून कानस आणून दिली आणि वाऱ्याने रेती उडून ओल्या रंगाला चिकटू नये म्हणून अंगणाच्या कडेला ताडपत्री बांधली. तिच्या आईला, येसूबाईंना, हे पसंत नव्हतं. "माझ्या बोंबलांना थिनरचा वास लागला तर बाजारात कोण घेईल गं?" असं म्हणत त्यांनी सुकत घातलेले बोंबील बांबूच्या वलांडीवरून काढून घराच्या मागे नेले.

पुढचं चाक सोपं निघालं. साबणाने धुतलं, थिनरने पुसलं, वर आलेले कंगोरे कानशीने घासले, खड्ड्यांत लांबी भरली. ती वाळल्यावर पाणी लावून लावून पॉलिश पेपर फिरवला. कडेवरून बोट फिरवलं की कुठेच अडेना, तेव्हा ती थांबली. टायरवर रंग उडू नये म्हणून कमलाकांतांनी आपला पत्त्यांचा जुना जोड आणला आणि दोघांनी टायर आणि रिमच्या फटीत सभोवार पत्ते खोचले. प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. एका ठिकाणी वाऱ्याची झुळूक आली, तिचा हात रेंगाळला आणि ओघळ आला. बाकी बरं झालं.

मागचं चाक काढून तिने आडवं टाकलं आणि आतली काळी घाण धुतली, तेव्हा कडेपासून आत गेलेली केसासारखी रेघ दिसली. थिनरने पुसली तरी ती गेली नाही. जागृतीने तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं. थोड्या वेळाने रेघेवर बारीक बुडबुडे धरू लागले.

या टायरमध्ये सारखी हवा भरावी लागायची. ती आजवर व्हॉल्व्हला दोष देत आली होती.

"तडा हाय," कमलाकांत वाकून म्हणाले.

लांबी हातात होती. वरून भरली असती, घासून रंग दिला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. एखाद्या खड्ड्यात ते चाक फुटलं असतं, तेव्हा गाडीत कोण असतं, याचा विचार तिने केला आणि फार वेळ केला नाही. तिने हात पुसले आणि फोन लावला.

"बोल," मनीष म्हणाला. "वकिलाचं काही राहिलं का?"

"नाही. गाडीचं आहे. मागच्या डाव्या चाकाला तडा गेलाय. मी स्टेपनी लावून देते. ते चाक वापरू नकोस, वेल्डिंगही करून घेऊ नकोस. बदलूनच टाक."

पलीकडे कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, ते थांबलं.

"उमरोळीचं?"

"तेच."

"तेव्हा तू ओरडली होतीस."

"हो."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती ओरडली होती, हे त्याच्या तोंडून ऐकायला कधी काळी तिने बरंच काही दिलं असतं. आता तिने स्टेपनीचे नट आवळले, जॅक उतरवला आणि हात धुवायला गेली.

रविवारी तो रिक्षाने आला. येसूबाईंनी चहा केला, पण द्यावा की नाही हे त्यांना सुचेना. कमलाकांतांनीच कप नेऊन हातात दिला. त्याने तो उभ्यानेच प्यायला. मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसला.

"कुठून करून घेतलंस?"

"इथेच केलं."

"छान झालंय," तो म्हणाला. ओघळाच्या जागेवरून त्याचं बोट गेलं आणि तो उठून उभा राहिला. तिने चावी आणि कागद दिले. तडा गेलेलं चाक कमलाकांतांनी डिकीत ठेवून दिलं. "येतो," मनीष कमलाकांतांना म्हणाला आणि गाडी सावकाश काढून गेला.

जागृतीने ताडपत्री सोडली. दुसऱ्या टोकाला कमलाकांत होते. दोघांनी ती झटकून घडी घातली.

"उद्या कामावर कशी जाशील?" त्यांनी विचारलं.

"रिक्षाने. नाक्यावर थोडं आधी जाऊन थांबावं लागेल."

"मग डबा लवकर लागंल," ते म्हणाले आणि तेवढं सांगायला आत गेले. अंगणात अजून थिनरचा वास होता. तिने दोन बादल्या पाणी मारलं आणि जागा कोरडी झाल्यावर बोंबील पुन्हा पुढे आणायला आईच्या मदतीला गेली.