दोऱ्याला टांगलेली अंगठी

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हरवलेला माणूस जिवंत आहे की मेला, हे तिथे म्हणे दोऱ्याला टांगलेली अंगठी सांगायची. फोटोवर धरायची, गोल फिरली तर जिवंत, सरळ झोके घेतले तर मेला. तिथला बाबा असा बिलंदर की स्वतः हातही लावायचा नाही. "हात तुमचा, माणूस तुमचा. आम्ही फक्त लहरी मोकळ्या करतो." कसल्या लहरी आणि कसलं काय!

दादा कामावर म्हणून गेला तो गेलाच. वर्ष होत आलं. पोलिसांनी हात टेकले. वहिनी मात्र दर आठवड्याला इथे यायच्या, अंगठी गोल फिरली की घरी जाऊन दोन घास खायच्या. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. माझ्याच घरात हा तमाशा बघून डोकं फिरलं आणि एकदा सोबत गेलो.

फोटोवर रुमाल टाकला तर लहरी अडतील का, असं मी भोळेपणाने विचारलं. छे, म्हणाला बाबा. मग रुमालाखाली मी दादाऐवजी आमच्या वडिलांचा फोटो सरकवला. ते वारून कैक वर्षं झालीत. वहिनींच्या हातातली अंगठी झकास गोल फिरली.

मी रुमाल उचलला.

"आत्मा अमर असतो," बाबा घाईघाईने म्हणाला. मागून कुणीतरी फिसकन हसलं, तिथेच त्याची फजिती झाली. मग मी समजावून सांगितलं: मनात असतं तशी बोटं नकळत हलतात, आणि दोरा तेवढंच मोठं करून दाखवतो. आपलंच उत्तर आपल्याला मिळतं.

लोक पांगले. मी खुशीत होतो. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊजी, म्हणजे ते गेले?"

"तसं नाही. अंगठीला माहीत नाही, एवढंच."

"मग कुणाला माहीत आहे?"

वहिनींनी दादाचा फोटो पुढे ओढून अंगठी पुन्हा धरली. या वेळी ती सरळ झोके घेऊ लागली. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. ही तुमची भीती हलतेय, असं मी परोपरीने सांगितलं.

वाचकहो, कळत नाही ते कळत नाही म्हणा. दोऱ्याचं 'हो' मानू नका, तसं 'नाही'ही मानू नका. घरी आल्यावर वहिनींनाही मी हेच सांगितलं. "तुमचं बरोबर आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि देऊन टाकायच्या पिशवीत दादाचा शर्ट घडी करून ठेवला.