सिएनीची फळी

ऑकलंडच्या एका प्रकाशनाला गोष्टींच्या पुस्तकावर सिआपोचं वेष्टन हवं होतं. सिआपो म्हणजे झाडाची साल कुटून आम्ही करतो ते कापड. पुस्तक मला धड वाचता येत नाही, पण त्याला कपडे चढवायला अख्ख्या सवाईई बेटावर माझ्याइतकी हुशार दुसरी आहे कोण?

काम आलं आणि गाव जागचं हललं. ज्या झाडाची साल लागते त्या उआची रोपं आजवर डुकरं खायची, आता त्यांना कुंपण. बायका दिवसभर साल कुटत बसलेल्या, त्यामुळे लाफाएलेच्या दुकानात मासळीचे डबे टिकेनात. शेजारच्या गावची साल बसच्या टपावरून यायला लागली. पुरुष कुरकुरले. मी म्हटलं, "तारोचे कंद उकडायला शाळेत जावं लागतं का रे?"

माझी सून ताईमाने या कामात रमली होती. सोमवारी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जाणाऱ्यांची नावं घ्यायला माणूस येणार होता. इथलं काम टिकलं तर ती राहणार, नाहीतर दोन्ही पोरं माझ्याकडे सोपवून जाणार. पोरांचं मी केलं असतं हो. पण तिचं तोंड फोनवर बघत बसायचं, ते मला जमणारं नव्हतं.

शुक्रवारी प्रकाशनाच्या ब्रिजेटबाईंचा फोन आला. पहिला गठ्ठा पोचला होता.

"खूप सुंदर, पण प्रत्येक नक्षी वेगळी आहे. दुकानदारांना सगळ्या प्रती एकसारख्या हव्यात. नक्षी कुठलीही चालेल, पण एकच. नाही जमलं तर आम्ही फोटो काढून कारखान्यात पुठ्ठ्यावरच छापून घेऊ."

"मी हाताने काढते, बाई. तुमची पोरं एकसारखी आहेत का?"

"मला मुलं नाहीत."

"तरीच."

ताईमानेने माझ्या हातून फोन काढून घेतला. "आई, फळी लागेल."

कोरीव फळीवर कापड पसरून रंग घासला की दरवेळी तीच नक्षी उमटते. ज्यांच्या हातात कला नाही त्यांचं ते काम, असं मी इतकी वर्षं चर्चच्या महिला मंडळात सिएनीच्या तोंडावर सांगत आले. आणि गावात धड फळी एकच, सिएनीची.

गेले. सिएनी चटईवर लोळत वारा घेत होती.

"ये गं, मेले. रस्ता चुकलीस?" मेले हे माझं नाव.

"फळी हवी होती."

"का? तुझे हात कुठे गेले?"

"बायकांचं काम जातंय."

"बायकांसाठी की सुनेसाठी?"

"सुनेसाठी," मी पुटपुटले.

"मोठ्याने बोल, कान गेलेत माझे."

"सुनेसाठी!"

तिने सावकाश कोकोचा घोट घेतला. "पुस्तकात करणाऱ्यांची नावं छापणारेत ना? माझं पहिलं."

"तुझं? साल मी सोलली, मी कुटली..."

"मग काढ की हाताने."

दाराबाहेर तिच्या कोंबड्यासुद्धा थांबून ऐकत होत्या.

"घे. तुझं पहिलं," मी म्हटलं.

"आणि फळी तू उचलायची. मी पुढे चालेन."

चालली ती! प्रत्येक घरापुढे थांबून, "मेलेला माझी फळी हवी होती हो!" मागे मी, डोक्यावर फळी, मान ताठ. फळी डोक्यावर असली की मान ताठच ठेवावी लागते, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी एक कापड घासून त्याचा फोटो पाठवला. ब्रिजेटबाईंना पसंत पडला.

सोमवारी तो माणूस आला तेव्हा ताईमाने फळीपुढे बसली होती, कोपरापर्यंत तपकिरी.

"यंदा नाही जमायचं, दादा. काम आहे."

"मग सफरचंदं कोण तोडणार?"

"ज्यांची आहेत ते तोडतील," सिएनी म्हणाली. "तू उभा काय राहिलास? ती साल उचल आणि उन्हात पसर."

त्याने पसरली. उलटी पसरली, पण पसरली.