चाळिसावं अक्षर

"ताई, अपडेटला 'हो' तू म्हणालीस?"

"मी कशाला म्हणू? काल तूच बसला होतास इथे. जेवता जेवता काहीतरी दाबलंस."

खरंच की! त्यानंच दाबलं होतं. दिवसभर हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरांची दुखणी बरी करायची, 'न बघता अपडेट करू नका' म्हणून नर्सांना दम भरायचा आणि घरी येऊन स्वतः तेच करायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता कॉम्प्युटर नवा झाला होता आणि ताईची ब्रेलपट्टी मुकी पडली होती.

पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर टिंबांनी उठायची, एका वेळी चाळीस अक्षरं, आणि ताई ती बोटांनी वाचायची. अंध मुलांची पाठ्यपुस्तकं छापण्याआधी तपासायची, हे तिचं काम. चालू पुस्तक उद्या दुपारपर्यंत द्यायचं होतं. सकाळीच तिच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. "बाई, हल्ली कॉम्प्युटर वाचून दाखवतो की. ऐकून तपासा. नाहीच जमलं तर पुढची पुस्तकं दुसऱ्या कुणाला देऊ, वाईट वाटून घेऊ नका."

"ऐकून कुठे ऱ्हस्व-दीर्घ कळतं रे?" ताई म्हणाली. आवाज साधाच होता, पण सकाळपासून तिनं पट्टीवरचा हात काढला नव्हता.

"नाही कळत. सरक जरा."

पट्टी बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. पट्टी आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाष्याचं काम करणारा ड्रायव्हर तेवढा उरला होता, तोही तयार फाईलच्या रूपात. मूळ कोड कंपनीबरोबर गेला, तेव्हा त्यावरून नवा ड्रायव्हर बनवायची बातच सोडा. मोठं अपडेट झालं की ती फाईल 'हा कॉम्प्युटर माझ्या ओळखीचा नाही' म्हणून अडून बसायची. मग हेक्स एडिटरात तिचं पोट उघडायचं, नुसत्या आकड्यांच्या रांगांत नकार देणारी नेमकी जागा हुडकायची आणि तिथले आकडे पुसून टाकायचे. तीन वर्षांपूर्वी त्यानं हेच केलं होतं. तेव्हाही असाच पिट्टा पडला होता त्याचा.

ती दुरुस्ती कालच्या अपडेटनं उडवली होती. जपून ठेवलेली प्रत चढवण्याआधी एकदा ताडून बघावी, म्हणून त्यानं मूळ फाईल आणि आपली तेव्हाची दुरुस्त फाईल शेजारी-शेजारी उघडली. आणि डोळे चोळून पुन्हा बघितलं. तीन आकडे पुसायचे होते, त्यानं पाच पुसले होते. वरचे दोन शेजारच्या कामाचे होते, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. ते काम कसलं, याचा माग काढत गेला आणि ताईकडे वळला.

"ताई, ओळीचं शेवटचं अक्षर उठत नव्हतं का गं?"

"नव्हतं उठत."

"तीन वर्षं?"

"एक बटण जास्त दाबायचे मी. ओळ एक घर सरकायची, की दिसायचं."

"दर ओळीला? अगं, मग सांगायचं नाही मला?"

"'झालं बघ' म्हणालास आणि खुर्चीतच झोपलास तू त्या दिवशी. बूटसुद्धा काढले नव्हतेस. तुला परत उठवू? बटणच दाबायचं होतं, विहीर नव्हती खणायची."

त्याला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. किती पुस्तकं झाली या तीन वर्षांत! त्यानं मूळ फाईल घेतली, तीन आकडे मोजून पुसले, पुन्हा मोजले आणि ड्रायव्हर चढवला. पट्टी तडतडली. टिंबं उठली.

"उद्या दुपारपर्यंत होईल?" त्यानं विचारलं.

"न व्हायला काय झालं? आता तर लवकरच होईल."

तिची बोटं ओळीवरून टोकापर्यंत गेली आणि अंगठ्यानं ते जास्तीचं बटण दाबलं. ओळ सरकली. "अगंबाई!" म्हणत तिनं ती मागे आणली. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं. "हाताला लागलीय सवय," ती ओशाळून हसली, "मोडेल हळूहळू."

तिसऱ्या ओळीला तो तिच्याजवळ स्टुलावर बसला आणि त्यानं तिचा अंगठा हलकेच धरून ठेवला. तिनं ओळ शेवटपर्यंत वाचली. चाळिसाव्या अक्षरावर बोट थोडं थांबलं.

"सोड आता," ती म्हणाली, "खालची ओळ घ्यायचीय."