पदराआडचे हात

मी बोलतोय. पिंपळगाव रेणुकाईतल्या एका गोठ्यात, ताडपत्रीखाली उभं असलेलं यंत्र. वाळल्या मिरचीचे देठ काढायला माझा जन्म झाला. माझ्यासारखं दुसरं यंत्र झालंच नाही, म्हणून मला नावही पडलं नाही.

मला धर्मराजने घडवलं. पत्रा जालन्याच्या भंगारातला, मोटर जुन्या कूलरची, रुळांवर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर. तो औरंगाबादेला इंजिनिअरिंग शिकून गावी परतला, तेव्हा आता नोकरी धरील असं सगळ्यांना वाटलं. तो मात्र गोठ्यात बसून मला ठोकत राहिला.

का, ते मला त्याच्या आईचे हात बघून कळलं. द्वारकाबाई हंगामभर मिरचीचे देठ खुडायची. बोटांची कातडी सोलून निघायची. संध्याकाळी ती ताकात हात बुडवून बसायची. धर्मराज लहानपणी रडला, तर ती बोटांनी त्याचे डोळे पुसत नसे. बोटांना तिखट असायचं. मनगटाने पुसायची. तो ते विसरला नव्हता.

पहिल्या वर्षी मी देठासकट मिरचीच चिरडली. गोठाभर ठसका उठला. शेजारची सगुणाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "धर्मा, हे देठ काढून राह्यलं का चटणी वाटून राह्यलं? लसूण टाक, मी भाकर आणते."

सगळे खोकत खोकत हसले. धर्मराजही हसला. पुढच्या हंगामात मी नीट चालू लागलो. अख्खी मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे. त्या दिवशी द्वारकाबाईने मला हळदकुंकू लावलं आणि बराच वेळ माझ्यापाशी उभी राहिली.

आता माझ्यासारखी आणखी यंत्रं करायची होती. बँकेने विचारलं, असलं यंत्र आधी कुठे चाललंय का? कुठेच नव्हतं. मग कुणीतरी धर्मराजला पुण्याच्या काही मंडळींचं नाव सांगितलं. नव्या उद्योगात भांडवल घालणारी माणसं. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्यांच्यातले गिरिधरसाहेब जीप करून आले.

आदल्या दिवशी द्वारकाबाईने खुडणाऱ्या बायांना अंगणात बसवून सांगितलं, "उद्या चांगली लुगडी नेसून या. हाताला तेल लावा. पाहुण्यापुढं रडगाणं न्हाई गायचं. पैसेवाला भरलं घर बघूनच पैसा देतो."

तिचं चुकलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेचा माणूस आला होता, तेव्हा तिने शेजारची पितळी भांडी आणून मांडली होती. कर्ज झालं होतं.

मी त्या दिवशी चाललो तसा कधी चाललो नव्हतो. साहेबांनी माझ्यावर हात ठेवला, पण बघत होते ते धर्मराजकडे. हे घेणार कोण? तुझ्याआधी कुणी केलंय का? पाच वर्षांनी हे किती गावांत असेल? अडलं तर काय करशील? धर्मराज शांतपणे उत्तरं देत होता. साहेबांना तो आवडला, हे मलाही दिसत होतं.

मग ते बायांकडे वळले. "मावशी, हाताने खुडताना त्रास होत असेल ना?"

द्वारकाबाईने हात पदराआड घेतले. "न्हाई बा. सवय हाये. बिलकुल त्रास न्हाई."

"आणि तुम्हाला?"

"आम्हाला काय धाड भरली," सगुणाबाई म्हणाली. "गप्पा मारत खुडतो. बसल्या बसल्या कामं उरकतेत."

सगळ्या हसल्या. साहेबही हसले.

जेवणं झाली. साहेब धर्मराजला घेऊन गोठ्यात आले. आवाज मऊ होता. "हे बघ, आम्ही कर्ज देत नाही, भागीदार होतो. बुडालं तर आमचंही बुडतं. म्हणून कुणाला कुठे दुखतंय ते आम्ही आधी बघतो. जिथे दुखणंच नाही, तिथे औषध कोण घेणार? माझ्या बघण्यातून काही सुटलं असेल तर आत्ता सांग."

धर्मराजने दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी द्वारकाबाई उभी होती. नवं लुगडं, हात पदराआड. पाहुणचार बराबर झाला, या समाधानात ती हसत होती.

एक शब्द पुरे होता. माय, हात दाखव. मी तो शब्द ऐकायला थांबलो होतो.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "सुटलं काही न्हाई."

जीप गेली. हंगाम संपल्यावर धर्मराज पुण्याच्या एका कारखान्यात लागला. निघताना द्वारकाबाईने त्याचे डोळे पुसले. मनगटानेच.

आता माझ्या रुळांचं रबर तडकलंय, मोटरीत उंदरांनी घर केलंय. धर्मराज सुट्टीला येतो, मिरची सोड म्हणतो. ती म्हणते, "मंग दिवसभर करू काय?" तो गेला की ती ताडपत्री बाजूला करते, माझ्यावरची धूळ झटकते आणि विचारते, "तुझ्यात काय कमी व्हतं रे, की त्यांनी तुला न्हाई म्हटलं?"

तिला ऐकू जाईल अशी वाचा मला नाही, हे त्या वेळी बरं वाटतं.

तुम्ही कधी पिंपळगावला आलात, तर या गोठ्यात डोकावा. तिच्या हातचा चहा घ्या. यंत्रातच खोट होती, असं तिला खुशाल सांगा. मी ऐकून घेईन.