वाडग्यात उरलेलं

प्रयोगशाळेत तिने चिमट्याने अळी अलगद उचलून तराजूवर ठेवली. उभ्या पिकाचा फडशा पाडणाऱ्या जातीची, पण ही अगदीच मरतुकडी. तिच्या खाद्यात झाडापासून काढलेलं फिनॉल हे कडू रसायन मिसळलं होतं. साध्या खाद्यावरच्या अळ्या मात्र खाऊन टम्म फुगल्या होत्या.

"सर, फिनॉलमुळे खाल्लेलं अंगीच लागत नाही त्यांच्या," ती खुशीत म्हणाली.

सरांना कुणाची खुशी फार वेळ बघवत नसे.

"खाल्लंय कशावरून? उरलेल्या खाद्याचं वजन केलंस?"

तिचा चेहरा उतरला. अळ्यांच्या डब्या साफ करताना उरलंसुरलं ती रोज कचऱ्यात टाकत आली होती.

"पचलं नाही म्हणून वाळल्या, की तोंडच लावलं नाही म्हणून? आता कर पहिल्यापासून."

घरी परतताना तिला अळ्या आठवत नव्हत्या, बाबा आठवत होते. आई गेल्यापासून ते तिच्याकडे होते आणि हल्ली निम्मे झाले होते. तपासण्या सगळ्या ठीक, तरी सदरा अंगावर लोंबायचा. डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या पाहिल्या की ते तोंड फिरवत, म्हणून तिने प्रयोगशाळेतलीच युक्ती केली होती: गोळ्या कुटून, गुपचूप त्यांच्या सूपमध्ये. वाडगा रोज रिकामा होई. वर बाबा तो स्वतः घासूनही ठेवत. आपल्या हुशारीवर ती खूश होती.

त्या संध्याकाळी वाडगा देऊन ती नेहमीसारखी कामाला बसली नाही. दाराआड थांबली. बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, सूप मोरीत ओतलं आणि वर पाणी सोडलं.

तिने पुढे होऊन वाडगा घेतला. तळाशी उरलेलं बोटाने चाटलं. कडू जहर.

"बाबा, कधीपासून?"

"अगं, दिवसभर राबून येतेस, वर माझ्यासाठी रांधतेस. नावं कशी ठेवू?"

पातेल्यातलं सूप तिने गरम केलं, त्यात काही न मिसळता वाडग्यात वाढलं. गोळ्यांची पुडी उघडपणे शेजारी ठेवली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, श्वास रोखून पहिला चमचा तोंडात घातला.

डोळे उघडले.

"आज काय घातलंस गं यात?"

"काही नाही, बाबा."

त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि वाडगाच तोंडाला लावला.