तेल पाजून मुकं केलेलं चाक

मी एक जुनं मोटेचं चाक आहे. वच्छलाबाईंच्या अंगणात भिंतीला टेकून बसलेलं. मित्रांनो, जुन्या वस्तू मायाळू असतात, झालं गेलं विसरतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. मी त्यातला नाही. माझ्या लाकडात राग मुरला आहे आणि तो मी पेवातल्या ज्वारीसारखा जपला आहे.

आधी मी बाभूळ होतो, वच्छलाबाईंच्या बांधावरची. त्या खुरपायला आल्या की माझ्या फांदीला झोळी बांधत. झोळीत त्यांची तान्ही लेक निजे आणि माझी पिवळी फुलं तिच्या गालावर पडत. एके दिवशी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव गडी घेऊन आले. "बांध माझा, बाभूळ माझी," म्हणाले. वच्छलाबाई झोळी सोडायला धावल्या, तोवर कुऱ्हाड बुंध्यात बसली होती. तो घाव मी विसरलो नाही.

सुताराने मला गोल केलं, पोटात लोखंडी कणा घातला आणि सुंदररावांच्या विहिरीवर चढवलं. बैल उतारावर धावले, नाडा ताणला, की मी करकरत गाऊ लागे. मोट हाकणारा धोंडीराम माझ्या सुरात सूर मिसळी:

सांड गं मोटे, थारोळं भर
तहानल्या वाफ्याचं तोंड गार कर

माझा आवाज ओढ्यापलीकडच्या चावडीपर्यंत जाई. गावात त्याला मोल होतं. दुष्काळ पडला की गाव एक मोठा गंज चुलीवर चढवी आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना कण्या शिजवून घाली. पण ज्वारी कुणी द्यायची? दुसऱ्याच्या विहिरीत वाकून पाहणं आमच्याकडे त्याच्या चुलीत डोकावण्याइतकं वाईट. म्हणून गाव कानांनी ठरवी. गुढीपाडव्यानंतरही ज्याचं चाक गातं, त्याला पाणी आहे. पाणी आहे तो श्रीमंत. आणि श्रीमंताने रोज गंजाला पायलीभर ज्वारी घालायची.

बहात्तरच्या दुष्काळात पाडवा आला आणि एकेक चाक गप्प झालं. झरा उरला तो फक्त आमच्या विहिरीला. बाभळीच्या कुंपणाआड सुंदररावांची मोसंबी होती. एका सकाळी ते करडीच्या तेलाची बुधली घेऊन आले.

"धोंड्या, चाकाला रोज पाज. आवाज बाहेर जाता कामा न्हाई. अन् तू बी गायचं न्हाईस."

तेल कण्यात उतरलं आणि माझा घसा बसला. मित्रांनो, तोंड दाबून राबणं काय असतं ते मला विचारा. मी फिरे, मोसंबी रसरसे, आणि चावडीवर सुंदरराव सांगत, "माझी हीर आटली. ऐका की, येतंय का चाक ऐकू?"

"मग मोसंबी कावून हिरवी?" कुणीतरी विचारलं.

"देवाचं देणं हाय, बाबा," त्यांनी हात जोडले. सोसायटीचा चारा त्यांच्याच हातात. पुढे कोण विचारणार?

गंज रिकामा पडला, तेव्हा सुंदररावांनीच नवा श्रीमंत शोधला. "वच्छलाबाईच्या घरावर पत्रे हायत. कणगीत ज्वारी हाय. तिनं द्यावी." ते पत्रे ऊस तोडून तोडून आलेले होते आणि ती ज्वारी पेरणीची होती. ती गेली असती तर पाऊस पडूनही तिच्या रानात काही उगवलं नसतं. धोंडीराम हे सारं बैलांना सांगे, म्हणून मला कळलं. मी आतल्या आत जळत होतो, पण घशात तेल होतं.

मग धोंडीरामची बायको छबुबाई भाकरी घेऊन विहिरीवर आली. तिने बुधली पाहिली.

"अगं बया! चाकाला करडीचं तेल? अन् माझ्या लेकरांच्या चटणीवर थेंब न्हाई!"

"मालक रागावंल."

"सांगा, चाकानं पिलं म्हणून. लई खादाड हाय म्हणावं!"

बुधली पदराआड गेली. त्या दिवसापासून ऊन माझ्यातलं उरलंसुरलं तेल पीत गेलं. मी वाट पाहत होतो.

वच्छलाबाईंची कणगी उघडायची सकाळ आली. धोंडीरामने माझ्या कण्यावर बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. त्याने ओढ्यापलीकडच्या वच्छलाबाईंच्या अंगणाकडे पाहिलं आणि बैल जुंपले.

मी ओरडलो. गायलो नाही, ओरडलो. बाभूळ तुटतानाची किंकाळी माझ्यात उरली होती, ती सगळी बाहेर काढली. आणि माझ्या मागून धोंडीरामने गाणं धरलं.

त्या अंगणात काय झालं ते वच्छलाबाईंनी मला पुढे कितीदा सांगितलंय. गंजाची ज्वारी मोजून घेणारे म्हातारे आप्पाराव पायली हातात घेऊन कणगीपाशी वाकले होते. ते तसेच थांबले.

"सुंदरराव, कुणाचं चाक हाय हे?"

"वारा हाय, आप्पा."

"वारा धोंडीरामाच्या आवाजात गाणं म्हणतो व्हय?"

सगळं अंगण हसलं. चारा-बिरा विसरून हसलं.

"आप्पा, कणगी झाकू का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"झाक, पोरी. चला रं, आपण त्या वाऱ्याकडं जाऊ."

माणसं कुंपण ओलांडून आली. मोटेचं पाणी पडतं ते थारोळं काठोकाठ वाहत होतं. गावाने पाडव्यापासून थकलेली सगळी ज्वारी मागितली आणि सुंदररावांनी ती स्वतःच्या डोक्यावर वाहून गंजाला घातली. खाली मान घालून. मी वरून पाहत होतो आणि त्यांच्या प्रत्येक खेपेला मुद्दाम करकरत होतो. एवढं गोड गाणं मी आयुष्यात म्हटलं नाही.

पुढे त्यांनी इंजिन बसवलं आणि मला ओढ्यात फेकलं. धोंडीरामचं काम गेलं. तो आणि छबुबाई कोयता घेऊन उसाला गेले. मला वच्छलाबाईंनी घरंगळवत अंगणात आणलं. "आपलीच बाभूळ हाय ही," म्हणाल्या.

मागच्या साली सुंदररावांचा नातू आला. "आजी, चाक द्या. पॉलिश करून बंगल्याच्या दारात लावतो."

"ने की," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण दर पाडव्याला समद्या गावासमोर फिरवायचं. बिनतेलाचं."

तो परत आला नाही.

मित्रांनो, मला सांभाळा. वाळवी झाडा, पावसात आडोशाला ठेवा. पण मला तेल घालू नका. कोण श्रीमंत, हे पुन्हा कधी ठरवायचं झालं, तर माझा घसा कोरडाच असलेला बरा.